टीव्हीखालचा पेटारा

१९७० साली लंडनमध्ये शेल कंपनीतल्या एका फ्रेंच इंजिनिअरने एका पोलिश डॉक्टरकडून जुना काळा पेटारा विकत घेतला. किंमत १०० पौंड. पेटारा जवळजवळ दीड मीटर रुंद, वर सपाट झाकण. टीव्ही ठेवायला अगदी बेताची उंची. साउथ केन्सिंग्टन भागातल्या त्याच्या घरात पुढची सोळा वर्षं त्या पेटाऱ्यावर टीव्ही होता. १९८६ मध्ये तो फ्रान्सला, लुआर नदीच्या खोऱ्यात राहायला गेला. तिथे पेटाऱ्यात दारूच्या बाटल्या ठेवल्या जाऊ लागल्या.

साउथ केन्सिंग्टनमध्येच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आहे. या संग्रहालयातली जाणकार मंडळी त्या काळात नेमका हाच पेटारा शोधत होती. त्याचा लहान भाऊ, म्हणजे जोडीतला छोटा पेटारा, १८८२ पासून त्यांच्याकडे होता, आणि मोठा १९४१ नंतर कुठे गेला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. इंजिनिअरच्या निधनानंतर घरच्यांनी सामानाची किंमत करायला लिलाव करणाऱ्या रुइयाक पितापुत्रांना बोलावलं, तेव्हा उलगडा झाला. ९ जून २०१३ रोजी शेव्हर्नीच्या किल्लेवजा वाड्यात लिलाव झाला आणि अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने हा पेटारा सुमारे ७३ लाख युरोंना घेतला. त्या वेळच्या भावाने पन्नास कोटी रुपयांच्या वर.

वस्तू तीच, लाकूड तेच, वरचं सोनंही तेच. १०० पौंडांचे ७३ लाख युरो झाले ते बाजारभाव वाढला एवढ्यामुळे नव्हे. पेटारा आजवर कुणाकुणाकडे होता हे २०१३ मध्ये ओळीने सांगता आलं, म्हणून. जुन्या वस्तूंच्या जगात याला ‘प्रोव्हेनन्स’ म्हणतात. आपण मालकीचा माग म्हणू.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. जमीन घेताना नुसता सातबारा बघून कुणी पैसे मोजत नाही. वकील जुने फेरफार काढतो, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट करतो, कुठे वारस नोंदवायचा राहिलाय का, कुठे बोजा आहे का ते तपासतो. एका फेरफाराचा मेळ लागला नाही की पुढचं सगळं लटकतं. पेटाऱ्याचंही तसंच आहे. फरक एवढाच की पेटाऱ्याला तलाठी नसतो. त्याचे फेरफार किल्लीवर, मृत्यूनंतरच्या यादीत, लिलावाच्या छापील पुस्तिकेत विखुरलेले असतात आणि ते जोडावे लागतात.

पण माग काढण्याआधी ही वस्तू काय आहे ते जवळून बघायला हवं. ते कळल्याशिवाय, लोकांनी पावणेचारशे वर्षं ती का जपली हे कळणार नाही.

तिला इंग्रजीत लॅकरचं काम म्हणतात. लॅकर हा शब्द आपल्याच लाखेवरून पोर्तुगीजांमार्फत युरोपात गेला. गंमत अशी की या पेटाऱ्यावर लाख नाहीच. आपली लाख हा एका किड्याचा स्राव. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर तो जमतो, गरम केला की वितळतो. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळण्यांवर जी चकाकी येते ती याची. जपानची ‘उरुशी’ हा मात्र झाडाचा चीक आहे, आणि एकदा घट्ट झाला की तो कशानेही वितळत नाही. पाणी, दारू, आम्ल, त्याला कशाचीच पर्वा नाही.

हे झाड आंबा, काजू, चारोळी आणि बिब्बा यांच्या कुळातलं आहे. बिब्बा म्हटलं की मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. बिब्बा उतला की अंगावर काय फोड येतात हे घरातल्या कुणी ना कुणी भोगलेलं असतं. आंब्याचा चीक ओठाला लागून उठलेले चट्टे हे त्याचंच सौम्य रूप. उरुशीचा ओला चीकही असाच अंगावर उततो, कारण दोन्हींमधली द्रव्यं रसायनशास्त्राच्या दृष्टीने सख्खी भावंडं आहेत. जपानी कारागीर शिकाऊ असताना महिनोन्‌महिने हे फोड सोसतो, मग हळूहळू अंग सरावतं. आपल्याकडे परीट कपड्यांवर बिब्ब्याने खूण करायचे आणि ती काळी खूण किती धुतली तरी जात नसे. काजूच्या टरफलातलं तेल होडीच्या लाकडाला लावतात तेही याच गुणासाठी. म्हणजे आपल्याकडे हा गुण माहीत होता, वापरातही होता. जपानने त्याच गुणावर शेकडो वर्षं एकाग्र होऊन एक अख्खी कला उभी केली.

झाड दहा-पंधरा वर्षांचं झालं की त्याच्या सालीवर आडव्या चिरा देतात आणि झिरपणारा चीक थेंबाथेंबाने खरवडून घेतात. एका हंगामात एका झाडाचा मिळून साधारण २०० मिलिलिटर चीक निघतो, म्हणजे चहाचा एक मोठा कप. त्यानंतर ते झाड बहुधा तोडूनच टाकतात. पुन्हा बुंध्यातून धुमारे यायचे आणि पुन्हा दहा-पंधरा वर्षं थांबायचं.

हा चीक ‘वाळतो’ असं आपण म्हणतो, पण तो उन्हात ठेवला तर वाळणार नाही. त्याला दमट हवा लागते. सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रता आणि वीस-पंचवीस अंश उष्णता, म्हणजे ऐन श्रावणासारखी हवा असली की चिकातलं लॅकेज नावाचं विकर कामाला लागतं आणि चीक आतून घट्ट होत जातो. त्यासाठी कारागीर ओलसर हवेचं बंद कपाट ठेवतात. एक पातळ थर, मग कपाटात मुक्काम, मग घासणं, पुन्हा थर. असे कित्येक थर चढतात. चिकात लोखंडाचा अंश मिसळला की तो खोल काळा होतो. त्या काळ्याला जी खोली असते ती फोटोत येत नाही. शांत विहिरीत वाकून बघावं तसं वाटतं.

या काळ्यावर सोन्याचं काम होतं, त्याला ‘माकि-ए’ म्हणतात. अर्थ साधा: शिंपडलेलं चित्र. रांगोळी घालणाऱ्या हाताला हे लगेच उमगेल. कारागीर आधी ओल्या उरुशीने बारीक रेघ ओढतो. ती ओली आहे तोवर, तोंडाला जाळीदार रेशीम बांधलेल्या बांबूच्या नळीतून सोन्याची पूड हलक्या हाताने टिचकी मारत तिच्यावर पाडतो. पूड ओल्या रेघेला धरते, बाकीची झटकून परत घेतात. मग वर आणखी उरुशी, आणि ती घट्ट झाल्यावर कोळशाने इतकी घासायची की खालचं सोनं पुन्हा वर यावं. शेवटचा हात हरणाच्या शिंगाच्या पुडीचा, तोही नुसत्या बोटाच्या टोकाने. काही ठिकाणी चित्र उठावदार हवं असतं. तिथे आधी कोळशाची किंवा मातीची पूड मिसळून उंचवटा तयार करतात आणि मग त्यावर सोनं पाडतात. आपल्या पेटाऱ्यांवर हे सगळं आहे, शिवाय शिंपल्याची जडण आहे, सोन्याचांदीचे आणि शिबुइची नावाच्या करड्या मिश्रधातूचे तुकडे बसवलेले आहेत. चित्रांत अकराव्या शतकाच्या सुरुवातीला मुरासाकी शिकिबू या बाईंनी लिहिलेल्या गेंजीच्या कथेतले राजवाडे आणि माणसं आहेत.

असलं काम त्या काळी क्योतोतली मोजकीच घराणी करू शकत. हे पेटारे कोआमी नागाशिगे याच्या कारखान्यातले असावेत, असं जाणकारांचं मत आहे. याच नागाशिगेने शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी राज्यकर्ता, तोकुगावा इएमित्सु याच्या मुलीच्या लग्नासाठी उरुशीचा रुखवत केला होता. तो १६३९ मध्ये पूर्ण झाला आणि आज नागोयाच्या तोकुगावा संग्रहालयात आहे. पेटाऱ्यांवरच्या सोन्याच्या कामाची त्या रुखवताशी तुलना करूनच त्यांचा काळ १६४० च्या आसपासचा ठरवला गेला. मालकीच्या मागातला हा पहिला पुरावा म्हणजे वस्तूचं स्वतःचं अंग. कागद नसतील तेव्हा कारागिराचा हात बोलतो.

बनवून कुणी घेतले? तेव्हा जपानशी व्यापार करायचा परवाना युरोपियनांपैकी एका डच कंपनीकडेच उरला होता. त्याआधी पोर्तुगीज होते. गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी अशी त्यांची वाट होती, आणि शिंपले जडवलेल्या जपानी पेट्या, घडीचे पडदे त्यांनीच प्रथम पश्चिमेकडे आणले. घडीच्या पडद्याला जपानीत ‘ब्योबु’ म्हणतात, पोर्तुगीजांनी त्याचं ‘बिओम्बो’ केलं. १६३९ मध्ये जपानने पोर्तुगीजांना हाकललं, आणि १६४१ पासून डचांना नागासाकीजवळच्या देजिमा या चिमुकल्या बेटावर बसवलं. डच वखारीचा त्या वर्षांतला प्रमुख फ्रान्स्वा कारोन याच्यामार्फत हे अतिउंची काम सांगितलं गेलं असावं, असं मानतात. त्याच काळातली एक लहान पेटीही याच तोडीची आहे. तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बटाव्हियाच्या (आजच्या जकार्ताच्या) डच गव्हर्नर जनरलच्या बायकोचं, मारिया फान डीमेनचं नाव आहे.

या कारोनचा आपल्या इतिहासाशीही धागा आहे. पुढे तो डचांना सोडून फ्रेंचांकडे गेला आणि १६६८ मध्ये त्याने सुरतेला फ्रेंचांची वखार उघडली. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर दुसरी स्वारी केली. क्योतोच्या कारखान्यापासून सुरतेच्या बाजारापर्यंत एकाच माणसाचं आयुष्य पोचतं, तेव्हा सतरावं शतक आपल्या समजुतीपेक्षा बरंच लहान वाटू लागतं.

पेटारे जहाजाने हॉलंडला गेले. एवढं महागाचं काम व्यापाऱ्याला झेपणारं नव्हतं आणि डच कंपनीने पुढे असलं सामान मागवणं आवरतं घेतलं. अखेर १६५८ मध्ये गिऱ्हाईक मिळालं: फ्रान्सचा पंतप्रधान कार्डिनल माझारँ. चौदावा लुई वयाने लहान असताना ज्याच्या हातात सगळं राज्य होतं, तोच हा. त्याच्यावरूनच पुढे या पेटाऱ्यांना ‘माझारँ पेटारे’ हे नाव पडलं.

इथे पुरावा कसा वाचायचा याचा एक सुंदर नमुना आहे. लंडनच्या लहान पेटाऱ्याची किल्ली शिल्लक आहे आणि तिच्यावर घराण्याचं चिन्ह कोरलेलं आहे. उतावळा माणूस म्हणेल, झालं, कार्डिनलची मालकी सिद्ध झाली. पण ते चिन्ह आहे माझारँ आणि ला मेयेरे या जोडघराण्याचं. कार्डिनलची भाची ओर्तांस मांचिनी हिने ला मेयेरे घराण्यातल्या मुलाशी लग्न केलं, त्या जावयाला माझारँ हे नाव आणि बरीचशी इस्टेट मिळाली. कार्डिनल १६६१ मध्ये वारला. म्हणजे ती किल्ली एकटीने फक्त जावयाची मालकी सांगते. मामेसासऱ्याची मालकी सांगायला दुसरे पुरावे लागतात. मला या कामातलं हेच फार आवडतं: पुरावा जेवढं बोलतो तेवढंच ऐकायचं, त्याच्या तोंडी आपलं वाक्य घालायचं नाही.

हा जावई मोठा सोवळा होता. कार्डिनलच्या संग्रहातल्या नग्न पुतळ्यांवर त्याने हातोडा चालवला होता. गेंजीच्या पेटाऱ्यात त्याला काही वावगं दिसलं नाही, हे आपलं नशीब.

नंतर हे पेटारे फ्रान्समधल्या द बुइयाँ या सरदार घराण्याकडे दिसतात. ओर्तांसची धाकटी बहीण या घराण्यात दिलेली होती, म्हणजे वस्तू घरच्या घरातच फिरत राहिल्या. मग राज्यक्रांती झाली, सरदारांची घरं मोडली आणि १८०० च्या सुमारास दोन्ही पेटारे विल्यम बेकफर्ड या इंग्रजाने घेतले. बेकफर्डची पारख अव्वल होती, जपानी उरुशीचं त्याला वेड होतं. मारिया फान डीमेनची पेटीही त्याच्याकडे होती. पण त्याचा पैसा जमैकातल्या उसाच्या मळ्यांमधून, गुलाम माणसांच्या श्रमातून येत होता. मालकीच्या यादीत मालकांची नावं येतात, पैसे ज्यांच्या घामाचे होते त्यांची येत नाहीत. यादी वाचताना ही रिकामी जागा मला नेहमी डोळ्यांत खुपते.

बेकफर्डची मुलगी हॅमिल्टनच्या ड्यूकच्या घरात दिली होती. १८४४ मध्ये बेकफर्ड गेल्यावर त्याचा संग्रह तिच्यामार्फत स्कॉटलंडच्या हॅमिल्टन राजवाड्यात आला. पुढच्या पिढ्यांना कर्ज झालं. १८८२ मध्ये क्रिस्टीज या लिलावघराने लंडनमध्ये राजवाड्यातलं सामान विक्रीला काढलं, तो लिलाव सतरा दिवस चालला. तिथे दोन भावांची ताटातूट झाली. लहान पेटारा साउथ केन्सिंग्टन म्युझियमकडे गेला, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टकडे. मोठा घेतला सर ट्रेव्हर लॉरेन्स यांनी. ते ऑर्किडचे नामांकित जाणकार, रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचे अध्यक्ष. त्यांच्या पश्चात १९१६ मध्ये त्यांच्या संग्रहाचा लिलाव झाला आणि पेटारा वेल्समधल्या कोळसाखाणींचे मालक सर क्लिफर्ड कोरी यांच्याकडे गेला. त्याच काळात तिकडे हॅमिल्टन राजवाडा खचायला लागला होता, कारण त्याच्याखालची जमीन कोळशासाठी पोखरली होती. १९२० च्या दशकात तो पाडावा लागला. ज्या घरात पेटारे शेवटचे एकत्र नांदले ते कोळशाने गिळलं, आणि थोरल्या पेटाऱ्याला कोळशाच्या पैशाने घर मिळालं.

इथपर्यंत माग ठळक आहे, कारण लिलाव होत होते. लिलावाची पुस्तिका छापली जाते, तिच्यात वस्तूचं वर्णन असतं, क्रमांक असतो, कधी कुणी समासात घेणाऱ्याचं नाव आणि किंमत पेन्सिलीने लिहिलेली असते. शंभर वर्षांनी हीच पेन्सिल साक्ष देते. १९४१ मध्ये कोरी वारले आणि साखळी तुटली. युद्ध चालू, लंडनवर बॉम्ब पडलेले, घरं रिकामी होताहेत, सामान मिळेल त्या भावाने जातंय. पेटारा पोलंडहून येऊन लंडनमध्ये स्थिरावलेल्या त्या डॉक्टरकडे गेला. खाजगी हातातून खाजगी हातात. पुस्तिका नाही, जाहिरात नाही. त्यामुळे जगाच्या दृष्टीने तो नाहीसा झाला.

अशा खंडाची सगळ्यात जास्त भीती याच वर्षांसाठी असते. १९३३ ते १९४५ या काळात युरोपात नाझींनी ज्यू कुटुंबांकडून अगणित वस्तू लुबाडल्या किंवा कवडीमोलाने विकायला लावल्या. त्यामुळे आज कुठलंही जबाबदार संग्रहालय काही घेण्याआधी विचारतं, या बारा वर्षांत वस्तू कुणाकडे होती? आपला पेटारा १९१६ पासून १९४१ पर्यंत कोरींकडे, मग डॉक्टरांकडे, मग इंजिनिअरकडे अशी साखळी जुळली. ती जुळली म्हणूनच एवढं मोठं संग्रहालय निर्धास्तपणे बोली लावू शकलं. जुळली नसती तर पेटारा तेवढाच देखणा राहिला असता, पण त्यासाठी एवढे पैसे मोजायला कुणी धजावलं नसतं.

टीव्हीखाली ठेवलं म्हणून त्या इंजिनिअरला दोष द्यावा असं मला अजिबात वाटत नाही. पेटारा त्याला आवडला म्हणून त्याने घेतला, घर बदललं तेव्हा टाकून न देता दुसऱ्या देशात नेला, अखेरपर्यंत सांभाळला. उरुशीचे खरे शत्रू वेगळे आहेत. ऊन आणि कोरडी हवा. उजेडातल्या अतिनील किरणांनी वरचा थर बारीक बारीक चिरतो, चकाकी मरते आणि मग पाण्याचा थेंबही डाग पाडतो. शिवाय दमट जपानात घडलेलं लाकूड युरोपातल्या शेकोटीच्या खोल्यांमध्ये आकसतं, वरचा कडक थर त्याच्याबरोबर आकसत नाही आणि पापुद्रे सुटतात. युरोपातल्या मालकांनी गेलेली चकाकी परत आणायला वरून आपापली व्हार्निशं फासली, ती पिवळी पडली.

लंडनच्या पेटाऱ्याची हीच गत झाली होती. २००४ ते २००८ या काळात तिथल्या संग्रहालयाने जपानी उरुशी-तज्ज्ञ यामाशिता योशिहिको यांना बोलावून त्याची डागडुजी करून घेतली. तेव्हा दोन विचार समोरासमोर आले. युरोपातला शिरस्ता असा की दुरुस्तीला वापरलेलं काहीही पुढे काढून टाकता आलं पाहिजे. जपानी परंपरा सांगते की उरुशीला उरुशीच लावावी, आणि उरुशी तर एकदा बसली की निघत नाही. दोन्ही बाजूंच्या लोकांनी पेटाऱ्याचा एकेक भाग बघून कुठे काय चालेल ते ठरवलं. सुटलेले पापुद्रे दाबून बसवले, पिवळं व्हार्निश काढलं. काही ठिकाणी जुनी दुरुस्ती मुद्दाम तशीच ठेवली, कारण तीही या पेटाऱ्याच्या इतिहासाचाच भाग झाली होती.

हे काम संपलं तेव्हा मोठा भाऊ लुआरच्या खोऱ्यात बाटल्या सांभाळत होता. पाच वर्षांनी त्याचा लिलाव झाला. दोघे एका छताखाली आले नाहीत. धाकटा लंडनला आहे, थोरला अॅमस्टरडॅमला, ज्या हॉलंडातून डच कंपनीने १६५८ मध्ये तो कार्डिनलला विकला होता त्याच देशात, ३५५ वर्षांनी परत.